वीस हजार मुले, पाऊण पिंट दूध आणि दयाळू शिक्षक

१९३० सालच्या फेब्रुवारी महिन्यात स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर या कोळशाच्या खाणींच्या आणि पोलादाच्या कारखान्यांच्या परगण्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. ६७ शाळांमधील, ५ ते १२ वर्षे वयाची, सुमारे २०,००० मुले त्यात सहभागी होती. त्यांपैकी १०,००० मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी पाऊण पिंट, म्हणजे साधारण ४२५ मिलिलिटर दूध मिळणार होते. उरलेल्या १०,००० मुलांना दूध मिळणार नव्हते. त्यांची फक्त उंची आणि वजन मोजले जाणार होते. चार महिन्यांनी, जून महिन्यात, सर्वांची पुन्हा मोजणी करायची आणि दुधाने मुलांची वाढ किती होते हे ठरवायचे, अशी ही साधी, सरळ योजना होती.

खर्च सुमारे साडेसात हजार पौंड आला. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. दूध वेळेवर पोहोचले, मुलांनी ते शिक्षकांच्या देखरेखीखाली प्यायले, मोजमापे काळजीपूर्वक नोंदली गेली. एवढे सगळे होऊनही, ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप केला त्याचे खात्रीलायक उत्तर मिळाले नाही. शिक्षकांच्या हळव्या मनाचा त्यात मोठा वाटा होता. शालेय पोषण आहाराशी रोजचा संबंध असणाऱ्या आपल्या वाचकांना ही हकीकत माहीत असायला हवी, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

शाळेत जेवण का आले?

गरीब घरातील मुलांना सरकारने खाऊ घालावे, ही कल्पना ब्रिटनमध्ये सहजासहजी स्वीकारली गेली नव्हती. मुलांना जेवू घालणे हे आईबापांचे काम. ते सरकारने केले तर आईबाप आळशी होतील, असे म्हणणारे पुष्कळ होते. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धाने या मताला पहिला धक्का दिला. सैन्यात भरती होण्यासाठी आलेल्या कामगारवर्गातील तरुणांपैकी कितीतरी जण खुजे, अशक्त, किडक्या दातांचे म्हणून नाकारावे लागले. सरकारने समिती नेमली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९०६ मध्ये कायदा झाला. या कायद्याने स्थानिक शिक्षण मंडळांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. सक्ती मात्र नव्हती.

ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराने ही मुभा लगेच वापरली. तेथील शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी १९०७ मध्ये ४० गरीब मुलांना काही आठवडे न्याहारी आणि दुपारचे जेवण दिले आणि त्यांची वजने नियमित घेतली. मुलांची वजने वाढू लागली. मध्ये सणाची सुट्टी आली. त्या काळात शाळेचे जेवण बंद होते. सुट्टीनंतर पाहिले तर वजने घटलेली होती. जेवण पुन्हा सुरू झाले, वजने पुन्हा वाढू लागली. संख्या लहान असली तरी हा पुरावा बोलका होता. मुलांची तुलना इतर मुलांशी जशी होती, तशी ती त्यांच्या स्वतःशीही झाली होती.

दुधाकडे वळण

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि आहाराचा विचार बदलला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. कॉरी मान या डॉक्टरांनी लंडनजवळच्या एका अनाथ मुलांच्या वसतिगृहात याची परीक्षा केली. मुलांचा रोजचा आहार पोट भरण्याइतका होता. काही गटांना त्यावर वेगवेगळे पदार्थ जादा दिले: कोणाला साखर, कोणाला लोणी, कोणाला मार्गरिन, तर एका गटाला रोज एक पिंट दूध. १९२६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या नेहमीच्या आहारावर असणाऱ्या मुलांचे वजन वर्षात सरासरी ३.८५ पौंड (सुमारे पावणेदोन किलो) वाढले, तर दूध घेणाऱ्यांचे ६.९८ पौंड (सुमारे ३.२ किलो). उंचीतील वाढ अनुक्रमे १.८४ इंच आणि २.६३ इंच होती. साखर मिळालेल्या मुलांना उष्मांक जादा मिळाले, पण त्यांची वाढ दूधवाल्यांइतकी झाली नाही. तेव्हा दुधात उष्मांकांपलीकडचे काहीतरी होते.

पाठोपाठ अ‍ॅबर्डीनच्या रॉवेट संस्थेचे संचालक जॉन बॉइड ऑर यांनी स्कॉटलंडमधील शहरांत आणि बेलफास्टमध्ये शाळकरी मुलांवर असेच प्रयोग केले. तेथेही दूध पिणारी मुले अधिक वाढली. त्यांनी साय काढलेले दूधही तपासले आणि तेही उपयुक्त ठरले. गरिबांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, कारण असे दूध स्वस्त असते.

या संशोधनामागे आणखी एक कारण होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये दूध जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी स्थिती होती. गवळ्यांना भाव मिळत नव्हता. एकीकडे दूध शिल्लक राहत होते, तर दुसरीकडे मुले दुधावाचून खुरटत होती. शाळा हा या दोहोंना जोडणारा पूल होता. सरकारी अन्नमदतीच्या इतिहासात शेतमालाची शिलकी आणि गरिबांची भूक अशा जोडीने वारंवार येतात. अमेरिकेत १९३९ मध्ये सुरू झालेली फूड स्टँपची योजनाही अशाच परिस्थितीतून जन्मली.

चूक कोठे झाली?

आता पुन्हा लॅनर्कशायरला येऊ. कॉरी मान यांचा प्रयोग एका वसतिगृहापुरता होता. हजारो मुलांवर, नेहमीच्या शाळांत, नेहमीच्या परिस्थितीत दुधाचा गुण दिसतो का, हे पाहण्यासाठी २०,००० मुले घेण्यात आली. ५,००० मुलांना कच्चे दूध, ५,००० मुलांना पाश्चरित दूध आणि १०,००० मुलांना काहीच नाही अशी विभागणी होती. प्रत्येक शाळेत दुधाचा एकच प्रकार दिला जाई आणि त्याच शाळेत दूध न घेणारी मुलेही असत.

कोणत्या मुलाला दूध द्यायचे आणि कोणाला नाही, हे कसे ठरवले? काही शाळांत चिठ्ठ्या टाकून, काही शाळांत आडनावांच्या वर्णानुक्रमाने. येथपर्यंत ठीक होते. पण सूचनांत एक पळवाट ठेवली गेली. या पद्धतीने एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुले फार झाली असे वाटले, तर काही मुले बदलून दोन्ही गट सारखे करावेत, असे शिक्षकांना सांगण्यात आले होते.

हेतू चांगला होता. पण आपण स्वतःला त्या मुख्याध्यापकांच्या जागी ठेवून पाहू. १९३० साल, मंदीचे दिवस, खाणी बंद पडताहेत. वर्गात एक मुलगी आहे, हडकुळी, पायात फाटके बूट. चिठ्ठीत तिचे नाव ‘दूध नाही’ या गटात आले. शेजारी दुकानदाराचा गुटगुटीत मुलगा बसला आहे, त्याचे नाव दुधाच्या गटात आले. आणि गट ‘सारखे’ करण्यासाठी दोन नावांची अदलाबदल करायची परवानगी आपल्या हातात आहे. आपण काय करू? बहुतेक जण जे करतील, तेच तेथील अनेक शिक्षकांनी केले असावे. कोणी खोटेपणा केला नाही. कोणाला कदाचित आपण असे करतो आहोत हे जाणवलेही नसेल. पण दूध गरजू मुलांकडे सरकले.

आकड्यांत ते स्पष्ट दिसते. प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी, दुधाचा एक थेंबही पोटात जाण्यापूर्वी, दूध न मिळणाऱ्या गटातील मुले दुधाच्या गटातील मुलांपेक्षा सरासरीने उंच आणि वजनदार होती. फरक थोडाथोडका नव्हता. वजनात तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीएवढा तो होता. प्रयोग चालणार होता चार महिने!

मद्यशाळेतील रसायनशास्त्रज्ञ

ही गोष्ट ज्याने जगापुढे मांडली तो ना डॉक्टर होता, ना शिक्षक. विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या मद्यशाळेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. बार्लीच्या वाणांची तुलना करता करता तो संख्याशास्त्राकडे वळला. कंपनीच्या नियमांमुळे त्याला स्वतःच्या नावाने लिहिता येत नसे, म्हणून तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिही. संख्याशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असणारी ‘स्टुडंटची टी-चाचणी’ ती हीच, १९०८ सालची.

गॉसेटने १९३१ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात लॅनर्कशायरच्या प्रयोगाची चिकित्सा केली. त्याचा पहिला मुद्दा वर आलाच आहे: दोन गट मुळातच सारखे नव्हते. दुसरा मुद्दा कपड्यांचा होता. मुलांची वजने कपड्यांसकट घेतली होती, पहिले फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत आणि दुसरे जूनमध्ये. खात्यापित्या घरातील मूल फेब्रुवारीत लोकरीचे जाड कपडे घालून येई आणि जूनमध्ये पातळ. त्याच्या वाढलेल्या वजनातून कपड्यांचे घटलेले वजन वजा होई. गरीब मुलाकडे हिवाळ्याचे वेगळे कपडे असण्याची शक्यता कमी. त्याची वाढ जवळजवळ पूर्ण नोंदली जाई. आता दुधाच्या गटात गरीब मुले जास्त असतील, तर दुधाने काहीही केले नसते तरी त्या गटाचे वजन अधिक वाढल्यासारखे दिसले असते! तराजू खोटे बोलत नव्हता, पण तो मुलाबरोबर त्याचा कोटही मोजत होता.

तिसरा मुद्दा कच्च्या आणि पाश्चरित दुधाचा. एका शाळेत एकच प्रकार दिल्यामुळे दोन प्रकारांची तुलना म्हणजे प्रत्यक्षात वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या वस्त्यांची तुलना ठरली. अहवाल लिहिणाऱ्या लेटन आणि मॅकिनले यांनी दोन्ही दुधे सारखीच असा निष्कर्ष काढला. त्याच आकड्यांवरून फिशर आणि बार्टलेट यांनी १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये कच्चे दूध अधिक गुणकारी असल्याचे लिहिले. एकाच वहीतून दोन उत्तरे निघू लागली की दोष गणितात नसून वहीत आहे, असे समजावे.

गॉसेटने उपायही सुचवला. एकाच शाळेतील, एकाच वयाची, शक्य तितकी सारख्या उंचीची, वजनाची आणि प्रकृतीची दोन-दोन मुले घेऊन जोड्या लावाव्यात आणि जोडीतील कोणाला दूध द्यायचे ते नाणे उडवून ठरवावे. त्याहून उत्तम म्हणजे एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्याव्यात. त्या २०,००० मुलांपेक्षा अधिक भरवशाचे उत्तर देतील आणि खर्चही फार थोडा येईल, असे त्याचे म्हणणे होते. प्रयोगाचे बळ केवळ संख्येत नसून तुलनेच्या सचोटीत असते, हे यापेक्षा ठसठशीतपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

धोरण थांबले नाही

मग शाळेतील दूध बंद पडले का? मुळीच नाही. १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांत एक तृतीयांश पिंट दूध अर्ध्या पेनीत देण्याची योजना सुरू झाली. १९३६ मध्ये बॉइड ऑर यांनी ‘फूड, हेल्थ अँड इन्कम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. १,१५२ कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासून त्यांनी उत्पन्नाप्रमाणे सहा वर्ग पाडले. सर्वांत गरीब वर्गात दर माणशी आठवड्याला १.८ पिंट दूध जात होते, सर्वांत श्रीमंत वर्गात ५.५ पिंट. गरिबांच्या आहारात तपासलेला प्रत्येक घटक कमी पडत होता. अज्ञानामुळे गरीब लोक वाईट खातात, असे मानणाऱ्यांना हे उत्तर होते. मुख्य अडचण पैशाची होती.

दुसऱ्या महायुद्धात हे ज्ञान कामी आले. १९४० पासून गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांना रोज एक पिंट दूध स्वस्तात, आणि गरिबांना फुकट, मिळू लागले. १९४६ मध्ये सर्व शाळकरी मुलांना दूध मोफत झाले. पुढे १९७१ मध्ये सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध सरकारने बंद केले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला.

या बदलानंतर जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला, पण या वेळी नीट. दक्षिण वेल्समधील गरीब घरांतील ७-८ वर्षांच्या ५८१ मुलांची निव्वळ यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला शाळेच्या दिवशी १९० मिलिलिटर दूध दिले गेले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे: सुमारे पावणेदोन वर्षांत दूध घेणाऱ्या मुलांची उंची सरासरी ३ मिलिमीटरने आणि वजन १३० ग्रॅमने अधिक वाढले. फायदा खरा होता, पण छोटा. कॉरी मान यांच्या मुलांत मोठा फरक पडला आणि येथे छोटा, याचे एक सरळ कारण संभवते. पूरक आहार उणीव भरून काढतो. जेथे उणीव मोठी तेथे त्याचा गुण मोठा. अर्धशतकात ब्रिटनमधील गरिबाचे ताटही सुधारले होते.

भारतात उणीव मोठीच होती. १९३५ मध्ये कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झालेले वॉलेस एक्रॉइड यांनी दक्षिण भारतातील मुलांना साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे दूध देऊन पाहिले. भातावर पोसलेल्या त्या मुलांची वाढ स्पष्टपणे सुधारली.

पुण्याचा धागा

या कथेचा एक धागा सातारा जिल्ह्यातील बुध या गावापर्यंत येतो. तेथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली संख्याशास्त्र शिकले. नमुना कसा निवडावा, हाच त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. पुढे १९५१ पासून सुमारे दोन दशके ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. याच संघटनेचे पहिले महासंचालक होते बॉइड ऑर. जगातील दोन तृतीयांश माणसे अर्धपोटी आहेत, असे बॉइड ऑर यांनी म्हटले होते. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हा आकडा तपासून दाखवला. त्यांच्या हिशेबाने उष्मांक कमी पडणारे लोक १० ते १५ टक्के होते. आहाराचा दर्जा निकृष्ट असणारे मात्र निम्म्यापर्यंत असू शकत होते.

पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई रोजी २,२५० उष्मांक या मोजमापावर भारतातील दारिद्र्याचा अंदाज मांडला. माणसाची गरज एका ठरीव आकड्यात बसत नाही, ती एकाच माणसात दिवसागणिक बदलते, असे सुखात्मे म्हणाले आणि दांडेकरांशी त्यांचा वाद पुढे बरीच वर्षे रंगला. कोण बरोबर, हा येथील विषय नाही. भुकेची मोजणी काटेकोर हवी, कारण तिच्यावरून कोणाच्या ताटात काय पडणार हे ठरते, याविषयी दोघांचेही एकमत होते.

आपल्या शाळेसाठी

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर शालेय आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो धान्यच मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. राज्याराज्यांत ही अंमलबजावणी मागेपुढे झाली आणि त्यातूनच संशोधकांना तुलना करण्याची संधी मिळाली. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने लहानपणी शाळेत जेवण मिळालेल्या मुलींची पुढची पिढी पाहिली. त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुरटलेपण कमी आढळले. म्हणजे आज शिजलेल्या खिचडीचा हिशेब पुरा व्हायला वीस वर्षेही लागू शकतात.

लॅनर्कशायरच्या शिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. उपाशी मूल समोर असताना हात आखडता घेणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. दोष योजनेचा होता. तिने दया आणि निवड ही दोन्ही कामे एकाच माणसावर सोपवली. दूध सर्वांना पुरत नसेल, तर चिठ्ठी हाच न्यायाचाही मार्ग आहे आणि शास्त्राचाही. आणि सर्वांना पुरत असेल, तर ते सर्वांना द्यावे.

शाळेत मुलांची उंची-वजने आपण नोंदतोच. तेव्हा काही साध्या गोष्टी पाळता येतील. दर वर्षी मोजणी त्याच महिन्यात आणि दिवसाच्या त्याच सुमारास करावी. चपला-बूट काढून, एकाच प्रकारच्या हलक्या कपड्यांत वजन घ्यावे. काटा आधी शून्यावर आणावा आणि दरवेळी तोच काटा वापरावा. गैरहजर मुलांची मोजणी नंतर आठवणीने करावी, कारण वारंवार गैरहजर राहणारी मुलेच बहुधा सर्वांत अशक्त असतात.

आणि वर्गात एक प्रयोग जरूर करावा. चाळीस मुलांचे, पाहून-सवरून, दोन ‘सारखे’ गट करायला एका विद्यार्थ्याला सांगावे. मग तीच चाळीस नावे चिठ्ठ्यांवर लिहून, डब्यात हलवून, दोन गट पाडावेत. दोन्ही वेळी प्रत्येक गटाची सरासरी उंची काढून फळ्यावर लिहावी. चिठ्ठ्यांचा खेळ पाच-दहा वेळा करावा. चिठ्ठ्यांचे गटही दरवेळी तंतोतंत सारखे येणार नाहीत. फरक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडेल. पण तो कोणाच्या आवडीने किंवा कीव येऊन पडलेला नसेल. हाताने गट करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र नंतर विचारावे: कोणाला कोठे घातलेस आणि का? त्याच्या उत्तरातून सातवीच्या मुलांनाही गॉसेटचे म्हणणे समजेल.